केडगावच्या पंडिता रमाबाई

माजिवड्याच्या नाक्यावरून एक वाट नाशिककडे जाते, एक घोडबंदराकडे. आज वाचकांस आम्ही तिसऱ्याच वाटेने नेणार आहो. ठाण्यास आगगाडीत बसावे, कल्याणमार्गे घाट चढून पुणे गाठावे व दौंडच्या रोखाने पुढे जावे, म्हणजे केडगाव लागते. धर्मसेवेच्या संस्थेत राबणाऱ्या स्त्रीने आपल्या कामात कोठवर जावे, याचा विचार तेथे पंडिता रमाबाईंनी केला.

बाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीस संस्कृत शिकविले व त्या मातेने मुलीस. १८७४ च्या सुमारास आईबाप दुष्काळात गेले. भाऊ श्रीनिवास याजबरोबर पायी हिंडत त्या १८७८ साली कलकत्त्यास पोचल्या व तेथे पंडिता ठरल्या. पुढे भाऊ गेला. १८८२ त पतीही निवर्तले. पदरी लहानगी मनोरमा. विलायतेत १८८३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, अमेरिकेत बालोद्यान-शिक्षणपद्धती अभ्यासिली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले. ते पुढच्याच वर्षी पुण्यास आले.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून शेकडो मुली त्यांनी आणिल्या. त्यांस अन्नवस्त्र देऊन थांबणे सोपे होते. परंतु जन्मभर धर्मादायावर जगणारी बाई तयार झाली, तर दुष्काळ संपला असे कसे म्हणावे? केडगावच्या मुक्तिसदनात म्हणून हातमाग आला, तेलाचा घाणा आला, गोठा, शेती, शिवणकाम, धुलाई आणि छापखानाही आला. कालची शिकाऊ मुलगी उद्या दुसरीस शिकवू लागे. अंध मुलींसही ब्रेलची अक्षरे बोटांनी वाचावयास शिकविली जात. दया पुष्कळांच्या ठायी असते, पण दयेपोटी दुसऱ्याच्या हातास काम लावणे दुर्मिळ, असे आम्हांस वाटते.

शारदा सदनात बाईंच्या सहकारी असलेल्या सुंदराबाई पवार यांनी पुढे पुण्यास स्वतःची शिक्षणसंस्था चालविली. तयार झालेले माणूस दुसरीकडे जाऊन कार्य मांडते, हा संस्थेचा तोटा मानू नये. आश्रमाचा भार मात्र मनोरमेकडे सोपवावयाचा होता. ती बी. ए. झाली, आईच्या हाताखाली शाळा सांभाळू लागली, आणि २४ जुलै १९२१ रोजी वारली. नऊ महिने पुरे होण्यापूर्वीच, ५ एप्रिल १९२२ रोजी, बाईही गेल्या.

उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले होते. खेड्यातील बाईस वाचता यावे, हा त्यामागील हेतू. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. तो केडगावच्याच छापखान्यात छापला गेला, आणि त्याचे खिळे जुळविणारे हात आश्रमातील स्त्रियांचे होते.