होमी भाभा आणि अदृश्य कणांचीं यंत्रें

अणुशक्तीचे प्रणेते म्हणून डॉ. होमी जहांगीर भाभा यांचें नांव आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असतें. परंतु अदृश्य कणांचा माग काढणारीं यंत्रें या देशांत घडविण्याच्या कामास त्यांनीं केवढा जोर दिला, हें सहसा कोणी सांगत नाहीं.

त्यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजीं मुंबईंतील एका सुखवस्तु पारशी कुटुंबांत झाला. १९२७ सालीं ते केंब्रिजला गेले. मुलानें यंत्रशास्त्र शिकून जमशेदपूरच्या पोलादाच्या कारखान्यांत काम करावें, ही वडिलांची इच्छा. मुलाचें मन मात्र पदार्थविज्ञानांत. १९३० सालीं यंत्रशास्त्राच्या परीक्षेंत प्रथम वर्ग मिळवून त्यांनीं वडिलांचें मन राखलें, व मगच आपली वाट धरली. पित्याचा शब्द न मोडतां आपला हेतु साधण्याची ही रीत मला फार आवडते. इलेक्ट्रॉन व विरुद्ध भाराचा त्याचा जोडीदार पॉझिट्रॉन हे एकमेकांवर आदळले असतां कसे विखुरतील, याचें गणित त्यांनीं १९३६ सालीं प्रसिद्ध केलें.

तोंवर सारें काम कागदावरचें होतें. १९३९ सालीं ते सुटीकरितां मायदेशीं आले, तोंच महायुद्ध पेटलें आणि परतीची वाट बंद झाली. मग बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंत त्यांनीं विश्वकिरणांच्या संशोधनाचा विभाग उभारला. तेथें गायगर नळ्यांचा उपयोग होऊं लागला. नळींतील विरळ वायूंतून विद्युद्भारित कण गेला कीं विजेचा क्षणिक ठोका मिळतो. एका नळीचा ठोका कोणत्याही भटक्या कणाचा असूं शकेल. परंतु एकीखालीं एक ठेवलेल्या नळ्यांनीं एकाच क्षणीं ठोका दिला, तर कण त्या सर्वांतून पार गेला असें ठरतें. मध्यें शिशाचा थर घातला कीं दुबळे कण अडतात, भेदक तेवढे खालीं पोहोंचतात. अशीं यंत्रें विमानांतूनही उंच नेण्यांत आलीं.

युद्ध संपलें, वाट मोकळी झाली, तरी भाभा येथेंच राहिले. १९४५ सालीं टाटा मूलभूत संशोधन संस्था निघाली. तिच्या संशोधकांनीं फुग्यांबरोबर यंत्रें आकाशांत चढविलीं, तशींच कोलारच्या सोन्याच्या खाणींतही उतरविलीं. दुष्काळांत विहिरीचा तळ किती खोल जातो, हें आम्हां बीडकरांस सांगावयास नको; पण तेथें सुमारें २,३०० मीटर खोलीवर, जपानी व इंग्रज सहकाऱ्यांसह, वातावरणांत निर्माण झालेल्या न्यूट्रिनो कणांची खूण १९६५ सालीं सांपडली. वरच्या खडकानें इतर बहुतेक कण गाळून टाकले होते.

हें यश भाभांनीं पाहिलें. पण २४ जानेवारी १९६६ रोजीं, व्हिएन्ना येथील सभेस जात असतां, जिनीव्हास उतरावयाचें त्यांचें विमान माँ ब्लाँ पर्वतावर आदळलें. वय अवघें ५६.

पुढें त्याच जिनीव्हाजवळ, २७ किलोमीटर घेराच्या भुयारांत, १९८९ ते २००० पर्यंत इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या टकरी घडविल्या गेल्या. तेथील एका प्रयोगांत टाटा संस्थेचे संशोधकही होते. टकरींचा हिशेब नीट लागावा म्हणून कणांच्या झोताच्या अगदीं लगत निराळीं यंत्रें बसविलीं होतीं. तीं मोजीत तें विखुरणें म्हणजे १९३६ च्या त्या गणितांतलेंच. शास्त्रज्ञ त्यास भाभा-प्रकीर्णन म्हणतात.