पंडिता रमाबाई : धर्म सापडल्यानंतरचा शोध



23 एप्रिलला पंडिता रमाबाईंची जयंती असते. दरवर्षी आपण मुलांना चार ओळी लिहून देतो. जन्म 1858, संस्कृतच्या विदुषी, शारदा सदन, मुक्ती मिशन, झालं. गेल्या वर्षी चौथीतल्या एका मुलीने मध्येच विचारलं, "बाई, त्यांनी धर्म का बदलला?" मी काहीतरी बोलून विषय पुढे ढकलला. घरी आल्यावर मात्र स्वतःचीच लाज वाटली. मग थोडं वाचलं. आजचा लेख त्या वाचनातून आलेला आहे.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं आणि त्यासाठी लोकांचा रोष घेतला. गंगामूळच्या रानात रमाबाईंचा जन्म झाला. आईनेच त्यांना शिकवलं. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर पायी फिरलं. दुष्काळात वडील, आई आणि मोठी बहीण एकापाठोपाठ गेले. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. देवाला इतकं आळवूनही असं का झालं, हा प्रश्न त्या वयात मनात बसला तो बसलाच.

1878 मध्ये ही भावंडं कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. 1880 मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न केलं. सिल्चरला घरातल्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची प्रत मिळाली आणि ती त्यांना आवडली. तिथले एक मिशनरी घरी येऊन समजावून सांगू लागले, ते बिपिनबाबूंना काही रुचलं नाही. पण 1882 मध्ये बिपिनबाबूही गेले. मांडीवर लहानगी मनोरमा. वय अवघं तेवीस.

पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली. 1883 मध्ये वैद्यकीय शिक्षण घ्यायचं म्हणून मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेज गावात जोगिणींच्या मठात उतरल्या. पण कानाने कमी ऐकू येऊ लागलं होतं, त्यामुळे डॉक्टर होण्याचं राहूनच गेलं.

इथे एक प्रसंग आहे, तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. या जोगिणींचं लंडनजवळ फुलहमला एक घर होतं. वाईट मार्गाला लागलेल्या म्हणून समाजाने टाकलेल्या बायकांना तिथे ठेवून घेत, शिकवत, माणसासारखं वागवत. रमाबाईंनी आपल्याकडे अशा बाईला दार बंद होताना पाहिलेलं. त्यांनी एका जोगिणीला विचारलं, तुम्हाला यांच्याबद्दल एवढी माया का? उत्तरादाखल तिने येशू आणि विहिरीवर भेटलेली शोमरोनी स्त्री यांची गोष्ट वाचून दाखवली. हा प्रसंग रमाबाईंनी पुढे स्वतः लिहून ठेवला आहे. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

आपल्याला वाटतं गोष्ट इथे संपली. खरं तर इथे सुरू झाली!

सिस्टर जेराल्डीन त्यांच्या गुरुमाय. त्यांच्या हाताखाली रमाबाई शिकत होत्या, पण मान डोलावणारी शिष्या ही नव्हेच. त्रैक्याच्या शिकवणीवर शंका. क्रूसावर लॅटिनच अक्षरं का, संस्कृत का नकोत, हा प्रश्न. मांसाहाराला कायमचा नकार. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या संस्कृत शिकवायच्या. तिथे पुरुषांनाही शिकवायचा विषय निघाला तेव्हा धर्माधिकाऱ्यांनी हरकत घेतली, रमाबाई त्यावरही भांडल्या. दोघींची पत्रं लांबलचक आहेत, कधी कधी चांगलीच तिखट. गुरूला वाटे ही पोर अहंकारी आहे, आज्ञा पाळत नाही. शिष्येचं म्हणणं साधारण असं, की एका पुरोहितशाहीतून मोठ्या कष्टाने बाहेर पडले, आता दुसरीच्या हाती माझी सदसद्विवेकबुद्धी देणार नाही. (आपल्या वर्गातला फार प्रश्न विचारणारा मुलगा आठवला ना? मला आठवला.) तरी माया तुटली नाही. रमाबाई अमेरिकेत असताना मनोरमा काही काळ जेराल्डीनबाईंकडेच होती.

1889 मध्ये रमाबाई परतल्या आणि 11 मार्चला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. अगदी पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, पुढे त्या धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. सदनात कोणाचा धर्म बदलायचा नाही असं ठरलेलं.

साधारण 1891 च्या सुमारास रमाबाईंना आतून एक पोकळी जाणवू लागली. बाप्तिस्म्याला आठ वर्षं झालेली. विल्यम हॅसलम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मकथन वाचताना त्यांना चटका बसला, कारण त्याला अनेक वर्षं उपदेश केल्यावर कळलं होतं की आपलंच परिवर्तन झालेलं नाही. रमाबाईंना उमगलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त नाही. आपण तत्त्वं तपासली, पटली म्हणून घेतली, पण स्वतःला कधी सोपवलं नाही. एवढी विद्वान बाई आठ वर्षांनी हे कबूल करते आणि पुन्हा पहिल्या पायरीवर बसते, हे मला फार मोठं वाटतं. वाद घालणं त्यांनी त्यानंतरही सोडलं नाही, ते वेगळं.

याची किंमतही पडली. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, मुली येऊन बसू लागल्या. 1893 मध्ये पुण्यात गदारोळ झाला. रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांचा राग समजण्यासारखा होता, कारण त्यांनी विश्वासाने मुली पाठवल्या होत्या. रमाबाईंचं म्हणणं, मी बोलावलं नाही, पण दारही लावणार नाही. यावर आजही दोन मतं असू शकतात. मुलांना दोन्ही सांगावीत असं मला वाटतं.

मग 1896-97 चा दुष्काळ आला. लहानपणी आपलं घर दुष्काळात संपलेलं, ते त्या विसरल्या नव्हत्या. मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली-बायका घेऊन आल्या आणि दौंडजवळ केडगावला त्यांची सोय केली. विहिरी, शेती, माग, छापखाना. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तीत जवळपास दोन हजार जणी होत्या. टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदनही निघालं. फुलहमचं घर आठवतंय ना?

शेवटची अनेक वर्षं त्यांनी बायबलच्या भाषांतराला दिली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. उद्देश एकच, खेड्यातल्या साध्या बाईला वाचता यावं. अक्षरं जुळवायला मुक्तीतल्याच मुली. 1921 मध्ये मनोरमा गेली, जी पुढे काम सांभाळणार होती. तरी मुद्रितं तपासणं चालूच होतं. ते काम हातावेगळं झालं आणि 5 एप्रिल 1922 रोजी केडगावलाच रमाबाई गेल्या.

यंदा त्या मुलीला, ती आता पाचवीत आहे, मी विहिरीवरच्या गोष्टीपासून सांगायला सुरुवात केली. तिचा पुढचा प्रश्न तयारच होता, "मग त्यांच्या गुरुमायने शेवटी ऐकलं का त्यांचं?"