पुन्हा शाळेत आलेला जोती

महात्मा फुले म्हटलं की आपल्याला काय आठवतं? पागोटं घातलेला तो फोटो, सावित्रीबाई, भिडेवाडा आणि मुलींची शाळा. आपल्या लहानपणी इतिहासाच्या पुस्तकात एवढंच होतं, आणि परीक्षेत त्यावर दोन मार्कांचा प्रश्न! पण ज्या माणसाने एवढ्या शाळा काढल्या, त्याची स्वतःची शाळा कशी होती, हे आपल्याला कुणी फारसं सांगितलं नाही. आपली मुलं इथल्या हायस्कूलमध्ये नाना देशांच्या, नाना धर्मांच्या मुलांबरोबर एका वर्गात बसतात. म्हणून ही गोष्ट त्यांना मुद्दाम सांगण्यासारखी आहे.

जोतिबांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. आई चिमणाबाई ते तान्हे असतानाच गेल्या. वडील गोविंदराव यांचा पुण्यात फुलांचा धंदा होता आणि शेतीही होती. नात्यातल्या सगुणाबाई क्षीरसागर यांनी या मुलाला आईच्या मायेने वाढवलं. सातव्या वर्षी जोती पंतोजींच्या शाळेत जाऊ लागला आणि अभ्यासात चांगला निघाला. पण गोविंदरावांच्या दुकानातल्या एका कारकुनाने त्यांच्या मनात भरवलं की शिकलेलं पोर शेतीच्या कामाचं राहत नाही. झालं! मुलाचं नाव शाळेतून काढलं आणि त्याच्या हातात खुरपं आलं. १८४० मध्ये नायगावच्या सावित्रीबाईंशी लग्नही झालं. त्या काळच्या रीतीने बघितलं तर गोष्ट इथेच संपायला हवी होती.

ती संपली नाही, कारण शेजारी दोन माणसं राहत होती. एक गफारबेग मुन्शी, उर्दू-फारसीचे शिक्षक. दुसरे लिजिटसाहेब. दिवसभर राबून रात्री दिव्याजवळ पुस्तक घेऊन बसणारा हा मुलगा दोघांनीही पाहिला होता. दोघांनी गोविंदरावांना समजावलं, पुन्हा पुन्हा समजावलं, आणि १८४१ मध्ये जोती स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाला. एका माळ्याच्या मुलासाठी एक मुसलमान आणि एक ख्रिश्चन रदबदली करतात, हा जोतीच्या आयुष्यातला पहिला मोठा धडा म्हणायला हवा. यात त्या दोघांचा काही फायदा नव्हता, बरं का.

चौदा वर्षांचा, लग्न झालेला, मध्ये तीन वर्षं वाया गेलेला मुलगा वर्गात आपल्याहून लहान मुलांबरोबर बसला असणार. पण मिशनच्या शाळेत जात विचारून बाक मिळत नसे. शाळेच्या त्या वर्षांत सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर आणि सखाराम यशवंत परांजपे हे ब्राह्मण मित्र भेटले, आणि ही मैत्री पुढेही टिकली. शिवाजी महाराज आणि जॉर्ज वॉशिंग्टन यांची चरित्रं वाचून झाली. टॉमस पेनचं माणसाच्या हक्कांवरचं पुस्तक हाती आलं. १८४७ मध्ये इंग्रजी शिक्षण पूर्ण झालं.

आणि १८४८ मध्ये शाळेबाहेरच्या जगाने हिसका दाखवला. एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत जोतिबा गेले असता, शूद्राने आमच्या बरोबरीने चालायचं नाही, असं म्हणून त्यांचा अपमान झाला. वर्गात बरोबरीने बसणारा मुलगा रस्त्यावर बरोबरीने चालू शकत नव्हता. याच जागी एखादा कायमचा कडवट झाला असता. जोतिबांनी त्याच वर्षी बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. वाडा देणारे तात्यासाहेब भिडे ब्राह्मण, आणि बरोबर उभे राहिले ते शाळेतले मित्रच. सावित्रीबाईंना शिकवण्यात परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर यांनी हात दिला. वडिलांनी लोकांच्या दडपणाखाली या जोडप्याला घराबाहेर काढलं, तेव्हा उस्मान शेख यांनी आपल्या घरात जागा दिली.

आता आपल्या इथला एक धागा. मुलींची शाळा कशी चालवतात हे जोतिबांनी पाहिलं ते अहमदनगरला, सिंथिया फरार यांच्या शाळेत. या बाई न्यू हॅम्पशायरच्या. जोतिबांचा जन्म झाला त्याच १८२७ मध्ये त्या बोटीने मुंबईला पोचल्या, आणि १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं शिक्षण त्यांच्याकडेही घेतलं. अमेरिकेतून महाराष्ट्रात जाऊन आयुष्यभर मराठी मुलींना शिकवणारी ही बाई आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे?

जोतिबांच्या शाळेत मुलांना फक्त पाढे शिकवले नाहीत. मुक्ता साळवे ही मातंग समाजातली मुलगी. तिने आपल्या लोकांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये ज्ञानोदयमध्ये छापून आला. ज्यांना अक्षर गिरवायलाही बंदी होती, त्यांच्यातली एक मुलगी जाहीरपणे प्रश्न विचारते, ही त्या शिक्षकांची खरी पावती. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देतानाही जोतिबांचं लक्ष शिक्षकावरच होतं. बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा, शिक्षक शेतकऱ्यांच्या घरातलेही असू द्या आणि त्यांना नीट पगार द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या.

जोतिबा मवाळ होते असा कुणी गैरसमज करून घेऊ नये. १८७३ चं गुलामगिरी वाचलं तर भटशाहीवरचे त्यांचे घाव आजही लागतात. हे पुस्तक त्यांनी, गुलामांना मुक्त केल्याबद्दल, अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं आहे. पण राग व्यवस्थेवर होता. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला आणि तो पुढे डॉक्टर झाला.

१८८८ मध्ये पक्षाघाताने उजवा हात गेला, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने शेवटचं पुस्तक लिहिलं, सार्वजनिक सत्यधर्म. त्यात एका घराचं चित्र आहे. बाई बौद्ध, नवरा ख्रिश्चन, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि चौघेही एकमेकांचा द्वेष न करता प्रेमाने एका छपराखाली राहतात. मला वाटतं, या घराचा पाया १८४१ मध्येच घातला गेला होता, मुन्शी आणि लिजिटसाहेब गोविंदरावांच्या दारात उभे राहिले तेव्हा.

२८ नोव्हेंबर १८९० ला जोतिबा गेले. भिडेवाड्याची जुनी इमारत डिसेंबर २०२३ मध्ये पाडली गेली, तिथे राष्ट्रीय स्मारक करायचं ठरलं. पुण्याला गेलात तर दगडूशेठ गणपतीचं दर्शन झाल्यावर समोर नजर टाका, मुलांना जागा दाखवा. आणि इथे नोव्हेंबरात पेरेंट-टीचर कॉन्फरन्सला जाल, तेव्हा फक्त ग्रेड विचारून परत येऊ नका. आपल्या मुलाच्या वर्गात मागे पडलेलं, एकटं बसणारं कुणी असेल तर त्याच्याबद्दलही दोन शब्द बोला. कुणी सांगावं, एखादा जोती तिथे बसलेला असेल!