बाळाच्या एका केसाने सुरू झालेली ‘पेशी रिसेट’ची गोष्ट

फोन फारच हँग व्हायला लागला की आपण शेवटी फॅक्टरी रिसेट मारतो. तसंच आपल्या त्वचेच्या पेशीला रिसेट करून पुन्हा मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, बनवता येईल? आज हे जमतं. पण त्याची वाट ज्यांनी शोधायला घेतली, ते जर्मन शास्त्रज्ञ हान्स स्पेमान 1941 मध्येच गेले.

जन्म 1869 चा, श्टुटगार्टचा. वडील पुस्तक प्रकाशक. ऐन तरुणपणी स्पेमान यांना क्षयरोग झाला आणि अंथरुणात पडल्या पडल्या त्यांनी ऑगस्ट वाइसमान यांचं पुस्तक वाचलं. वाइसमान यांचं म्हणणं असं, की गर्भाच्या पेशी विभागत जातात तशी त्यांच्यातली माहितीही वाटली जाते. त्वचेच्या पेशीकडे फक्त त्वचेपुरतीच उरते. हे खरं असेल तर रिसेट विसराच! फाइलच डिलीट झाली, तर परत आणणार कुठून?

स्पेमान यांनी हे तपासायला घेतलं ते तान्ह्या बाळाच्या मऊ केसाने. न्यूट हा पालीसारखा दिसणारा, बेडकाच्या नात्यातला प्राणी. त्याच्या फलित अंड्याला त्यांनी केसाचा फास घातला, असा की केंद्रक एकाच बाजूला राहील. ती बाजू विभागत गेली, दुसरी नुसतीच पडून. 16 पेशी झाल्यावर फास सैल करून एक केंद्रक पलीकडे सरकू दिलं आणि फास पुन्हा आवळला. दोन्ही बाजूंना अख्खे गर्भ तयार झाले! म्हणजे निदान तोवर तरी माहिती हरवलेली नव्हती.

1935 चं नोबेल त्यांना मिळालं ते वेगळ्या कामासाठी: गर्भाचा कोणता भाग बाकीच्यांना दिशा देतो, या शोधासाठी. त्यातला मुख्य प्रयोग त्यांची विद्यार्थिनी हिल्डे मान्गोल्ड हिने स्वतःच्या हातांनी केला होता. 1924 मध्ये घरातल्या अपघातात भाजून ती गेली, जेमतेम 25 वर्षांची. आज तिचं नाव किती जणांना माहीत आहे?

1938 मध्ये स्पेमान यांनी पुढचा प्रयोग सुचवला: वाढलेल्या पेशीचं केंद्रक काढा आणि केंद्रक नसलेल्या अंड्यात घाला. करायचा कसा, हे त्यांनाही सुचत नव्हतं. जॉन गर्डन यांनी 1962 मध्ये बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातली पेशी घेऊन तो करून दाखवला. मग 2006 मध्ये शिन्या यामानाका यांनी अंड्यालाच सुट्टी दिली. फक्त 4 जनुकं घालून उंदराची पेशी रिसेट, आणि पुढच्याच वर्षी माणसाची.

गाडी अडते ती इथे. सुरुवातीला हजार पेशींमागे एकही धड रिसेट होत नव्हती. शिवाय चारांपैकी सी-मिक या जनुकाने कॅन्सरचा धोका. ते वगळलं तर धोका कमी, पण यशही आणखी कमी! 2010 च्या सुमाराला चिनी संशोधकांना असं दिसलं, की पेशी वाढवायच्या द्रवात साधं व्हिटॅमिन सी घातलं तर जास्त पेशी रिसेट होतात. हो, तेच, आवळ्यातलं.