लाल मातीवरचा सज्जन : गॉटफ्रीड फॉन क्राम

मे महिना उतरणीला लागला की टेनिसप्रेमींचे लक्ष पॅरिसकडे लागते. रोलाँ गॅरोच्या लाल मातीवर दुपारी सुरू झालेले सामने आपल्याकडे मध्यरात्र उलटेपर्यंत चालतात आणि पाचवा सेट संपेपर्यंत झोप कोणाला येत नाही. या स्पर्धेच्या विजेत्यांची यादी वाचताना राफाएल नदालची १४ अजिंक्यपदे आणि ब्यॉर्न बोर्गची ६ अजिंक्यपदे यांवर नजर खिळते. यादीच्या जुन्या भागात १९३४ आणि १९३६ या वर्षांसमोर मात्र एक जर्मन नाव आहे. त्यावरून बहुतेकांची नजर सहज पुढे सरकते. ते नाव गॉटफ्रीड फॉन क्राम यांचे. त्या दोन आकड्यांमागे एका माणसाच्या सचोटीची आणि त्या सचोटीची पारख न झालेल्या एका राजवटीची हकिगत दडलेली आहे.

पॅरिसच्या लाल मातीला माती म्हणायचे ते रूढीने. बेळगाव-कोल्हापूरच्या तालमीत तेल-ताक पाजून मऊ केलेल्या मातीशी तिचा संबंध नाही. चुनखडीच्या थरावर विटांच्या बारीक भुकटीचा जेमतेम दोन-एक मिलिमीटरचा पापुद्रा पसरून हे मैदान तयार होते. त्यावर चेंडूचा वेग मंदावतो आणि तो उंच उसळतो. हिरवळीवर ज्या फटक्याने गुण मिळतो, तोच फटका येथे परत येतो. त्यामुळे मातीवर नुसत्या ताकदीचे फारसे चालत नाही. पाय घसरवीत चेंडूपर्यंत पोहोचण्याची कला, दीर्घ रॅलीत टिकणारा दम आणि पाचव्या सेटपर्यंत शाबूत राहणारे डोके यांचीच येथे परीक्षा असते. क्राम याच मातीवर घडले.

७ जुलै १९०९ रोजी हानोव्हर परिसरातील नेटलिंगन येथे एका जुन्या सरदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. सात भावांमध्ये ते तिसरे. घरात जमीनजुमला, घोडे, नोकरचाकर असे सारे होते. लहानपणी घोड्याला साखर भरवताना त्याच्या चाव्याने त्यांच्या उजव्या हाताच्या तर्जनीचे टोक तुटले. ज्या हाताने पुढे रॅकेट धरायची, तोच हा हात. तरीही त्यांनी आपली पकड त्या तुटक्या बोटाला जुळवून घेतली. १९२८ साली कायद्याच्या शिक्षणासाठी ते बर्लिनला गेले. मात्र ग्रुनेवाल्ड भागातील रोट-वाइस टेनिस क्लबची माती त्यांना वर्गाहून अधिक जवळची वाटली आणि वकिली मागे पडली. १९३० साली त्यांनी लीसा फॉन डोबेनेक यांच्याशी विवाह केला. १९३२ ते १९३५ अशी सलग चार वर्षे ते हॅम्बर्गच्या मातीवर जर्मनीचे अजिंक्यवीर ठरले.

त्या काळी या स्पर्धा हौशी खेळाडूंसाठीच होत्या. पैसे घेऊन खेळणाऱ्या व्यावसायिकांना त्यांत प्रवेश नसे, आणि रोलाँ गॅरोची दारे त्यांच्यासाठी उघडली ती थेट १९६८ साली. देशाची प्रतिष्ठा पणाला लागे ती प्रामुख्याने डेव्हिस करंडकात. १९३२ साली बर्लिनमध्ये जर्मनीने फ्रेड पेरी यांच्या ब्रिटिश संघाला धूळ चारली. त्या निर्णायक विजयाचे शिल्पकार होते क्राम यांचे सहकारी डॅनिएल प्रेन. पुढच्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला. प्रेन ज्यू होते, म्हणून त्यांना संघातून काढून टाकण्यात आले. पेरी आणि बनी ऑस्टिन यांनी लंडनच्या टाइम्स या वृत्तपत्राला पत्र लिहून या अन्यायाचा निषेध केला. प्रेन यांना मायदेश सोडून इंग्लंड गाठावे लागले. क्राम यांनीही आपली नाराजी लपवली नाही. उंच, सोनेरी केसांचा, देखणा आणि कुलीन असा हा खेळाडू नव्या राजवटीला आपल्या प्रचाराचा चेहरा म्हणून हवाच होता. दडपण आले, आमिषेही आली, पण क्राम नाझी पक्षाचे सदस्य झाले नाहीत.

१९३४ च्या पॅरिसमधील अंतिम सामन्यात त्यांच्यासमोर गतविजेते ऑस्ट्रेलियन जॅक क्रॉफर्ड होते. तीन सेटनंतर क्रॉफर्ड २-१ असे पुढे गेले आणि चौथ्या सेटमध्ये विजयापासून अवघ्या एका गुणावर येऊन ठेपले. क्राम यांनी तो गुण वाचवला, तो सेट ७-५ असा खेचून आणला आणि पाचवा ६-३ असा जिंकला. १९३५ साली अंतिम फेरीत पेरी यांनी त्यांना हरवले. १९३६ साली त्याच मातीवर दोघे पुन्हा भेटले. हा सामनाही पाच सेट चालला आणि त्याचा निकाल चमत्कारिक लागला : ६-०, २-६, ६-२, २-६, ६-०. जगातल्या अव्वल खेळाडूला पहिल्या आणि शेवटच्या सेटमध्ये एकही गेम न देता क्राम दुसऱ्यांदा अजिंक्य ठरले. उंच उसळणारी दुसरी सर्व्हिस, दोन्ही बाजूंचे लांब, नितळ फटके आणि थकव्याचा मागमूसही न दाखवणारा चेहरा ही त्यांची ओळख झाली.

विम्बल्डनच्या हिरवळीवर मात्र नशिबाने त्यांची साथ दिली नाही. १९३५, १९३६ आणि १९३७ असे सलग तीन अंतिम सामने ते हरले. १९३६ च्या अंतिम सामन्यात सुरुवातीलाच त्यांच्या मांडीचा स्नायू दुखावला. त्यांनी कोणाकडेही तक्रार केली नाही, सामना सोडला नाही, आणि ६-१, ६-१, ६-० असा पराभव स्वीकारला. सामना संपल्यावर पंचांनी घोषणा केली तेव्हा कुठे प्रेक्षकांना दुखापतीचा पत्ता लागला.

त्यांच्या स्वभावाचा खरा कस लागला तो १९३५ सालच्या डेव्हिस करंडकात. अमेरिकेविरुद्धच्या लढतीत ते काई लुंड यांच्यासह दुहेरी खेळत होते. समोर विल्मर ॲलिसन आणि जॉन व्हॅन रिन होते. सामना पाचव्या सेटमध्ये गेला होता आणि जर्मनीला विजयासाठी एकच गुण हवा होता. लुंड यांचा फटका प्रतिस्पर्ध्यांना परतवता आला नाही आणि सामना जिंकला असे सर्वांनाच वाटले. तेवढ्यात क्राम पंचांकडे गेले. लुंड यांच्या फटक्याआधी चेंडू आपल्या रॅकेटला निसटता लागून गेला होता, असे त्यांनी सांगितले. पंचांना ते दिसले नव्हते आणि प्रतिस्पर्ध्यांनाही जाणवले नव्हते. गुण अमेरिकेला गेला, पुढे सामनाही गेला आणि लढतही. मातीच्या मैदानावर चेंडू आपला ठसा सोडतो आणि वाद झाला तर पंच खुर्चीवरून उतरून तो ठसा पाहतात. रॅकेटला झालेल्या निसटत्या स्पर्शाचा ठसा मात्र कोठेच उरत नाही. त्याचा साक्षीदार एकटा खेळाडू असतो. जर्मन संघाच्या व्यवस्थापकांना त्यांचे हे वागणे मुळीच रुचले नाही. देशाच्या विजयावर पाणी सोडल्याचा ठपका त्यांच्यावर आला, पण आपण योग्यच केले यावर क्राम ठाम राहिले.

१९३७ साली जर्मन महासंघाने पॅरिसचे एकेरीचे अजिंक्यपद राखण्यासाठी त्यांना उतरू दिले नाही. ते अजिंक्यपद त्यांचे सहकारी हेन्नर हेंकेल यांनी मिळवले, तर हेंकेल यांच्यासह क्राम यांनी दुहेरी जिंकली. त्याच वर्षी २० जुलैला विम्बल्डनवर अमेरिकेविरुद्धच्या डेव्हिस करंडक लढतीत २-२ अशी बरोबरी असताना क्राम आणि डॉन बज आमनेसामने आले. क्राम यांनी पहिले दोन सेट जिंकले, बज यांनी पुढचे दोन. पाचव्या सेटमध्ये क्राम ४-१ असे पुढे होते आणि तरीही बज यांनी तो सेट ८-६ असा जिंकला. टेनिसच्या इतिहासातील सर्वश्रेष्ठ सामन्यांत आजही त्याची गणना होते. सामन्याआधी हिटलरचा दूरध्वनी आल्याची आख्यायिका फार प्रसिद्ध आहे, पण तिला भक्कम आधार नाही. पराभवानंतर क्राम यांनी हसतमुखाने बज यांचे अभिनंदन केले, आणि दोघांची मैत्री आयुष्यभर टिकली.

हा विजय हातून गेला त्याबरोबर क्राम यांच्याभोवतीचे कवचही गळून पडले. परदेश दौऱ्यावर ऑस्ट्रेलियापर्यंत जाऊन ते १९३८ च्या मार्चमध्ये घरी परतले आणि ५ मार्चला गेस्टापोने त्यांना अटक केली. मानासे हेर्ब्स्ट या तरुण ज्यू अभिनेत्याशी त्यांचे संबंध होते. पुरुषा-पुरुषांतील संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम १७५ जर्मन कायद्यात आधीपासून होते आणि नाझींनी ते अधिक कठोर केले होते. जर्मनी सोडून गेलेल्या हेर्ब्स्ट यांना पैसे पाठवल्याचाही ठपका होता. लीसा यांच्याशी त्यांचा घटस्फोट आधीच झाला होता. मे महिन्यात त्यांना एक वर्षाच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. ज्याच्या एका सामन्याकडे वर्षभरापूर्वी सारा देश कान लावून बसला होता, त्याचे नाव आता जर्मन वृत्तपत्रांत मान खाली घालून घ्यावे लागत होते. अमेरिकेत डॉन बज यांनी पुढाकार घेऊन नामवंत खेळाडूंच्या सह्यांचे निषेधपत्र हिटलरकडे पाठवले. सुमारे सहा महिन्यांनी क्राम यांची सुटका झाली.

१९३९ च्या जूनमध्ये लंडनच्या क्वीन्स क्लबवर ते पुन्हा खेळताना दिसले. तेथे त्यांनी अमेरिकेच्या बॉबी रिग्ज यांचा ६-०, ६-१ असा धुव्वा उडवला. अंतिम सामन्यात त्यांच्यासमोर होते भारताचे गौस महंमद. तो सामना क्राम यांनी ६-१, ६-३ असा जिंकला. पुढे काही दिवसांतच विम्बल्डनमध्ये गौस महंमद उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचले आणि तेथवर मजल मारणारे पहिले भारतीय ठरले. त्यांना हरवणारे रिग्जच त्या वर्षीचे विजेते ठरले. क्राम त्या विम्बल्डनमध्ये नव्हते. अमेरिकेनेही जुन्या शिक्षेकडे बोट दाखवून त्यांना व्हिसा नाकारला. तिशीत प्रवेश करणाऱ्या, खेळ ऐन भरात असलेल्या या माणसासमोर मैदानांची फाटके एकामागून एक बंद झाली. ज्यांना नाझींची घृणा वाटत होती त्या देशांनीही नाझी न्यायालयाचा शिक्का प्रमाण मानला, ही त्यातली सर्वांत बोचरी गोष्ट होती.

मग युद्ध आले. १९४० साली क्राम यांना सैन्यात भरती करण्यात आले. पूर्व आघाडीवरच्या हिवाळ्यात त्यांच्या पायांना हिमदंश झाला. त्यांना आयर्न क्रॉस हे शौर्यपदक मिळाले, परंतु जुन्या शिक्षेमुळे सैन्यातून त्यांना मुक्तही करण्यात आले. हेन्नर हेंकेल मात्र १९४३ च्या जानेवारीत त्याच आघाडीवर मारले गेले. पॅरिसच्या लाल मातीवर एकत्र दुहेरी जिंकलेल्या जोडीतला एकच मागे उरला.

युद्धानंतरच्या उद्ध्वस्त जर्मनीत क्राम यांनी पुन्हा रॅकेट हाती घेतली. १९४८ आणि १९४९ साली, वयाच्या चाळिशीत, त्यांनी हॅम्बर्गच्या मातीवर जर्मनीचे अजिंक्यपद पुन्हा मिळवले. आधीची चार धरून ते सहावे. १९५१ साली जर्मनी डेव्हिस करंडकात परतला तेव्हा त्या संघात ते होते आणि १९५३ पर्यंत खेळले. या करंडकात त्यांनी एकूण १०२ सामन्यांपैकी ८२ जिंकले. पुढे कापसाच्या आयातीच्या व्यवसायात त्यांनी जम बसवला. १९५५ साली अमेरिकेच्या धनाढ्य वारसदार बार्बरा हटन यांच्याशी त्यांनी विवाह केला. तो चार वर्षे टिकला. ९ नोव्हेंबर १९७६ रोजी कैरोजवळ मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ६७ वर्षांचे होते.

१९७७ साली आंतरराष्ट्रीय टेनिस हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. बर्लिनमध्ये रोट-वाइस क्लबसमोरच्या रस्त्याला आज त्यांचे नाव आहे. कलम १७५ मात्र पश्चिम जर्मनीच्या कायद्यात १९६९ पर्यंत जसेच्या तसे राहिले आणि पुरते रद्द झाले ते १९९४ साली. नाझी काळात या कलमाखाली दिलेल्या शिक्षा जर्मन संसदेने २००२ साली रद्दबातल ठरवल्या. क्राम यांना जाऊन तेव्हा २६ वर्षे झाली होती. १९३५ च्या त्या सामन्यात, कोणी पाहिलेही नव्हते अशा स्पर्शाची कबुली देऊन त्यांनी स्वतःविरुद्ध निकाल लावून घेतला होता, त्याला एक क्षणही लागला नव्हता. त्यांच्याविरुद्ध लागलेला निकाल पुसायला त्यांच्या देशाला चौसष्ट वर्षे लागली.