धन्वंतरी महालाचे राजे : तंजावरचे सरफोजीराजे भोसले (दुसरे)



आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी मी दरवर्षी जाहिराती गोळा करतो, लेख लिहीत नाही. मी डिप्लोमा केलेला रेल्वेतला माणूस. रूळ, खडी, स्लीपर आणि पुलांची तपासणी यांच्या रजिस्टरपलीकडे माझ्या हातून फारसे लिखाण झालेले नाही. पण यंदा बैठकीत ठरले की प्रत्येकाने एका थोर व्यक्तीची ओळख करून द्यायची. मी सरफोजीराजे दुसरे मागून घेतले. एक-दोन सहकाऱ्यांनी विचारले, राज्य इंग्रजांना देऊन टाकणारा राजा कशाला घेतलास? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर माझ्या परीने देण्याचा हा प्रयत्न आहे.

आपण तिरुक्करुगावूरला राहतो. मुल्लैवननाथर आणि गर्भरक्षांबिका यांचे हे गाव. मूल व्हावे म्हणून येणाऱ्यांना इथे तूप मिळते आणि गरोदर बाईला सुखरूप सुटका व्हावी म्हणून एरंडेल. पापनाशम स्टेशनावर उतरून रिक्षात बसणाऱ्या जोडप्यांचे चेहरे मी रोज पाहतो. त्या चेहऱ्यांवरची काळजी मला ओळखीची आहे, कारण आम्ही दोघेही तसेच एकदा इथे आलो होतो. ते पुढे सांगतो. आधी राजांविषयी.

शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले आणि कावेरीकाठी मराठ्यांचे राज्य सुरू झाले. त्याच गादीवर शंभर वर्षांनी तुळजाराजे होते. त्यांना वारस उरला नाही, म्हणून १७८७ साली त्यांनी भोसले कुळातल्या एका मुलाला दत्तक घेतले. तेच सरफोजी. जन्म २४ सप्टेंबर १७७७, म्हणजे दत्तक गेले तेव्हा वय अवघे नऊ. त्याच वर्षी तुळजाराजे वारले आणि त्यांचे सावत्र भाऊ अमरसिंह गादीवर बसले. मुलाचे हाल सुरू झाले. त्याला कोंडून ठेवल्यासारखे ठेवण्यात आले, शिक्षणही धड नव्हते. तुळजाराजांनी मरण्यापूर्वी या मुलाला श्वार्त्झ नावाच्या जर्मन पाद्र्यावर सोपवले होते. श्वार्त्झने कंपनी सरकारकडे खटपट केली आणि १७९३ साली मुलाला मद्रासला नेले. तिथे त्याला इंग्रजी आणि पाश्चात्य विद्या शिकायला मिळाल्या. मराठी, संस्कृत आणि तमिळ यांचा वारसा घरचाच होता.

२९ जून १७९८ रोजी सरफोजीराजे गादीवर बसले. पुढच्याच वर्षी, १७९९ मध्ये, कंपनीशी तह झाला. राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला आणि आसपासचा थोडा भाग राहिला, शिवाय वर्षाला एक लाख पागोडे आणि वसुलाचा पाचवा हिस्सा. वय बावीस वर्षे, हातात फौज नाही, न्यायनिवाडा नाही, सारा वसुली नाही. अशा तरुणाने नाचगाण्यात आणि शिकारीत आयुष्य घालवले असते तर कुणाला नवल वाटले नसते. तशी उदाहरणे हिंदुस्थानात पुष्कळ आहेत.

राजांनी काय मागितले ते पाहा. १८०१ साली त्यांनी कंपनीच्या रेसिडेंटला एक पत्र लिहिले. तंजावर मुलखात रामेश्वरच्या यात्रेच्या वाटेवर पूर्वजांनी छत्रे, म्हणजे धर्मशाळा, बांधली होती. ती आपल्याकडेच राहू द्यावीत अशी विनंती त्यात होती. छत्रात काय चालते हेही त्यांनी तपशिलाने कळवले होते. येणाऱ्या प्रत्येकाला, जात कोणतीही असो, जेवण मिळते. लहान मुलांना दूध मिळते. वाटेत आजारी पडलेल्याला वैद्य आणि औषध मिळते व बरा होईपर्यंत ठेवून घेतात. वाटेत दिवस भरलेल्या बाईचे बाळंतपण छत्राच्या खर्चाने होते आणि नंतर तीन महिने तिला तिथे राहता येते. गेलेल्या राज्यातून या माणसाला जे परत हवे होते ते हे. ओरत्तनाडचे मुक्तांबाळ छत्र त्यांनी स्वतः १८०२ च्या सुमारास उभारले. तिथे शाळाही चालवली.

आता धन्वंतरी महाल. आज आपण वैद्यकीय संशोधन संस्था म्हटले की पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे नाव घेतो. तिचे उद्‌घाटन १८८८ सालचे. बर्लिनची रॉबर्ट कॉख यांची संस्था १८९१ ची, न्यूयॉर्कची रॉकफेलर इन्स्टिट्यूट १९०१ ची. आपल्याकडे मद्रासजवळ गिंडीची किंग इन्स्टिट्यूट आणि मुंबईत हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा, दोन्ही १८९९ च्या. कुन्नूरची पाश्चर संस्था १९०७ ची. सरफोजीराजांचा धन्वंतरी महाल या सगळ्यांच्या कितीतरी आधीचा, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. तेव्हा जंतू म्हणजे काय हेच जगाला ठाऊक नव्हते. त्यामुळे आजच्या प्रयोगशाळेशी त्याची बरोबरी करणे योग्य होणार नाही. पण संशोधनाची शिस्त म्हणून जे लागते, ते तिथे होते असे मला वाटते.

पहिली गोष्ट म्हणजे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्य अशा चारही पद्धतींचे जाणकार एका छपराखाली आणले. माझे ते खरे असा हट्ट तिथे चालण्यासारखा नव्हता. दुसरी गोष्ट, औषधे तिथेच तयार होत, आणि ती माणसांसाठी तशीच जनावरांसाठीही. हत्ती, घोडे, पक्षी यांच्या उपचारांचाही अभ्यास होई. तिसरी गोष्ट, वनस्पतींची रंगीत चित्रे काढून घेतली, म्हणजे पाला ओळखण्यात गफलत नको. चौथी गोष्ट म्हणजे अनुभवास उतरलेले उपचार गोळा करून ते तमिळ पद्यात बांधून घेतले. पद्यात अशासाठी की खेड्यातल्या वैद्याला पाठ करता यावेत. हेच शरभेंद्र वैद्य मुरैगळ. सरस्वती महाल ग्रंथालयाने पुढे त्याचे भाग छापले. त्यात डोळ्यांचे विकार आहेत, मधुमेह आहे, आणि आपल्या गावाला जवळचा वाटावा असा गर्भिणी व बालरोगांचाही भाग आहे.

पाचवी गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. डोळ्यांच्या रोग्यांचे केसपेपर. १८२७ च्या सुमाराचे चाळीसहून अधिक केसपेपर सरस्वती महालात सापडले. रोगी कोण, तक्रार काय, कोणता उपचार केला, गुण आला की नाही, असे सगळे इंग्रजीत लिहिलेले, आणि सोबत डोळ्यांची हाताने काढलेली रंगीत चित्रे. मॅकबीन नावाचे इंग्रज डॉक्टर मदतीला होते. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातल्या डॉक्टरांनी अलीकडे या कागदांचा अभ्यास केला. लंडनचे मूरफील्ड्स नेत्र रुग्णालय १८०५ चे, मद्रासचे १८१९ चे. म्हणजे डोळ्यांसाठी वेगळे रुग्णालय ही कल्पना जगातच नवी होती, तेव्हा तंजावरला रोग्याच्या डोळ्याचे चित्र काढून ठेवत होते.

राजांचा स्वतःचा अभ्यासही कमी नव्हता. शरीररचना शिकायची तर हाडांचा सांगाडा हवा, पण मृताच्या हाडांना हात लावणे सोवळ्यात बसेना. तेव्हा त्यांनी हस्तिदंताचा सांगाडा करवून घेतला, असे त्या काळच्या प्रवाशांनी लिहून ठेवले आहे. वाट अडली म्हणून काम सोडले नाही, वळसा घालून पुढे गेले. १८२६ साली कलकत्त्याचे बिशप हेबर तंजावरला आले होते. हा राजा लिनियस आणि लाव्हाझिए यांच्यासारख्या शास्त्रज्ञांविषयी सहज बोलतो याचे त्यांना मोठे आश्चर्य वाटले. युरोपातून हजारो पुस्तके मागवून राजांनी सरस्वती महालात ठेवली. १८२० साली काशीयात्रेला निघाले तेव्हा सुमारे तीन हजार माणसे बरोबर होती, आणि परत येताना संस्कृत पोथ्या आणल्या. देवनागरी छापखाना घातला आणि त्यावर इसापनीतीचे मराठी भाषांतर छापले. देवेंद्र कुरवंजी हे मराठी नाटक लिहिले, त्यात जगाचा भूगोल सांगितला आहे. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ साली भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवला, तो आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेलच.

आता माझी गोष्ट. २०१० साली माझी बदली झाली तेव्हा पत्नीला सातवा महिना होता. आधीच्या गावातल्या रुग्णालयात रक्तदाब वाढल्याचे कागदावर लिहिले होते. सामान हलवताना ती फाइल पेटीत खाली गेली. नव्या गावच्या रुग्णालयात कोणी मागचे कागद मागितले नाहीत आणि आम्हीही दिले नाहीत. दोन वेळा तपासणी झाली, पण रक्तदाबाचा आकडा लिहिलाच नव्हता. आठव्या महिन्यात बाळ गेले. दोष एकट्या रुग्णालयाचा म्हणत नाही. रेल्वेत पुलाच्या प्रत्येक गर्डरची नोंद ठेवणारा मी, घरच्या माणसाची नोंद ठेवायला विसरलो.

२०१२ साली पुन्हा दिवस गेले तेव्हा आम्ही या गावात राहायला आलो. विट्याहून आई आली. ती रोज देवळात जायची, एरंडेल आणायची. मी एक वही घातली. तारीख, रक्तदाब, वजन, कोणती गोळी, पायाला सूज आहे की नाही. आई हसायची, सून म्हणजे काय रेल्वेचा पूल आहे का रे, म्हणायची. सातव्या महिन्यात आकडे चढू लागले ते वहीत दिसले. डॉक्टरांनी वही पाहिली आणि त्याच दिवशी दाखल करून घेतले. आमची मुलगी आज मखर सजवायला सगळ्यांच्या पुढे असते. आईने श्रेय अंबिकेला दिले. मी आईशी वाद घातला नाही, आजही घालत नाही. पण वहीही जपून ठेवली आहे.

त्यानंतर कधीतरी वडिलांना घेऊन सरस्वती महाल पाहायला गेलो, तेव्हा या केसपेपरविषयी कळले. दोनशे वर्षांपूर्वी कुणा साध्या रोग्याच्या डोळ्यांची नोंद राजाच्या घरी ठेवली होती! त्या दिवसापासून हा राजा माझा झाला.

७ मार्च १८३२ रोजी राजे वारले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये पुरुष वारस न ठेवता गेले आणि कंपनीने संस्थान खालसा केले. धन्वंतरी महालाचे कामही टिकले नाही. इथे मला पाश्चर आणि हाफकिन आठवतात. पाश्चर १८९५ मध्ये वारले, त्यांची संस्था आजही चालू आहे. हाफकिन यांनी १८९७ साली मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी ती लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले आणि ठपका त्यांच्यावर आला. त्या दिवशी कोणती बाटली कधी उघडली, चिमटा कुठे पडला, याची तपासणी होऊन अखेर १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. १९२५ मध्ये संस्थेला त्यांचे नाव दिले गेले. त्या संस्था एका माणसावर उभ्या नव्हत्या. त्यांना सरकारचा किंवा जनतेचा आधार होता. धन्वंतरी महालाचे तसे नव्हते. राजांबरोबर त्याचा जीव गेला. सरस्वती महाल मात्र १९१८ मध्ये सर्वांसाठी खुला झाला आणि वाचला. त्यातच ते केसपेपरही वाचले.

म्हणून सहकाऱ्यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे. राज्य गेले हे खरे, आणि ते वाईटच झाले. पण त्या काळी लढून ते राहिले असते असेही दिसत नाही. जे हातात उरले त्याचे राजांनी काय केले, यावरून मी त्यांना मोजतो. आणि एक चूक त्यांच्याकडूनही राहिली असे वाटते. आपल्यामागे काम चालवील अशी व्यवस्था त्यांनी लावली नाही, किंवा त्यांना लावता आली नाही.

आपले मंडळही दोन-चार उत्साही माणसांवर चालते. त्यांच्या बदल्या झाल्या की काय, हा विचार आपणही करावा. यंदाच्या आरोग्य तपासणी शिबिरात प्रत्येक येणाऱ्याला एक छोटी वही द्यावी, तीत त्या दिवसाचा रक्तदाब, साखर आणि नजर यांची नोंद करून द्यावी, आणि पुढच्या वर्षी ती वही घेऊन यायला सांगावे, अशी माझी सूचना आहे. पहिल्या शंभर वह्यांचा खर्च मी करीन.

श्रीगजाननाने सर्वांना उत्तम आरोग्य द्यावे, आणि त्याची नोंद ठेवण्याची बुद्धीही द्यावी, हीच प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!