विश्लेषण : फुले मंडईला महात्मा फुले यांचाच विरोध का होता?

पुण्याच्या शुक्रवार पेठेतील ज्या मंडईला आज महात्मा फुले यांचे नाव आहे, ती बांधण्याच्या खर्चाला नगरपालिकेत विरोध करणाऱ्यांमध्ये खुद्द जोतीराव फुले होते. शाळांसाठी पैसे नाहीत, पण इमारतीसाठी सुमारे तीन लाख रुपये आहेत, हा हिशेब त्यांना पटला नाही. समाजसुधारक, लेखक, सत्यशोधक समाजाचे संस्थापक म्हणून फुले सर्वांना माहीत आहेत. नगरपालिकेत बसून खर्चाचे प्रस्ताव तपासणारे सभासद फुले मात्र फारसे आठवले जात नाहीत.

नगरपालिकेत कसे आले?

पुण्याची नगरपालिका १८५७ मध्ये स्थापन झाली. फुले १८७६ मध्ये तिचे सभासद झाले, तेव्हा सभासद सरकार नेमत असे. सरदार, सावकार, निवृत्त अधिकारी, वकील अशी ही मंडळी. ज्यांच्या दारासमोरून रस्ता जाणार किंवा ज्यांच्या मालावर जकात बसणार, त्यांना विचारण्याची पद्धत नव्हती. आज निदान विकास आराखड्यावर हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. त्यांचे पुढे काय होते हा भाग वेगळा. त्या काळी तेवढीही सोय नव्हती. निवडून आलेल्या सभासदांचा मार्ग लॉर्ड रिपन यांच्या १८८२च्या ठरावानंतर मोकळा होऊ लागला.

फुले सरकारनियुक्तच होते. मात्र ते राहत जुन्या गंज पेठेत, म्हणजे कष्टकरी जातींच्या वस्तीत. आपल्या घरातील पाण्याचा हौद त्यांनी १८६८ मध्ये अस्पृश्यांसाठी खुला केला होता. सार्वजनिक पाणवठे ज्यांना बंद होते, त्यांच्यासाठी पाण्याची सोय कोणी करायची, या प्रश्नाला त्यांनी सभासद होण्याच्या आठ वर्षे आधीच स्वतःपुरते उत्तर दिले होते.

बांधकाम आणि बाजाराचा अनुभव होता का?

होता, आणि तो भरपूर होता. फुले यांचे मूळ आडनाव गोऱ्हे. पेशव्यांकडे फुले पुरवण्याच्या व्यवसायामुळे घराण्याला फुले हे नाव पडले. वडील गोविंदराव यांचा फुले आणि भाजीचा व्यवसाय होता. म्हणजे मंडई कशाला म्हणतात, हे त्यांना सभेतल्या कागदांवरून शिकायचे नव्हते.

१८४८ मध्ये त्यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली, हे सर्वज्ञात आहे. पण शाळांच्या कामावर घर चालत नव्हते. उपजीविकेसाठी ते ठेकेदारी करत. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी या नावाने त्यांचा व्यवसाय होता. खडकवासला धरण आणि येरवड्याच्या पुलासारख्या कामांशी तो जोडलेला होता. दगड, चुना यांचा भाव काय, मजुराच्या हातात किती पडते आणि मधल्या मधे किती जिरते, हे त्यांनी जवळून पाहिले होते. मांजरी येथे कालव्याच्या पाण्यावर त्यांनी शेतीही केली. असा माणूस खर्चाचा प्रस्ताव वाचतो, तेव्हा त्याला आकड्यांनी दिपवणे सोपे नसते.

एकट्याचे मत कशावर पडले?

सभासद झाले त्याच सुमारास १८७६-७७चा दुष्काळ आला. सत्यशोधक समाजाच्या मंडळींसह फुले यांनी धनकवडी येथे उपाशी मुलांसाठी बालाश्रम चालवला. त्या अनुभवानंतर नगरपालिकेचा शोभेवरचा खर्च त्यांना खुपू लागला, यात नवल नाही.

जुलै १८८० मध्ये त्यांनी नगरपालिकेच्या व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना पत्र लिहून शहरातील दारूच्या वाढत्या दुकानांचा विषय काढला. लोकांच्या आरोग्यासाठी नगरपालिका एकीकडे पदरमोड करते आणि दुसरीकडे आरोग्य नासवणारी दुकाने भर वस्तीत उभी राहतात, असा त्यांचा आक्षेप होता. या दुकानांवर नगरपालिकेने काही कर बसवला आहे काय, अशी विचारणाही त्यांनी केली. दुकानाचा परवाना एक खाते देणार आणि त्याचा उपद्रव रहिवासी सोसणार, ही तक्रार आज कोणत्याही प्रभाग समितीच्या बैठकीत ऐकू येईल.

त्याच वर्षी व्हाइसरॉयच्या पुणेभेटीनिमित्त शहर सजवण्यासाठी सुमारे एक हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा, अशी सूचना फुले यांनी केली. सरकारने नेमलेल्या सभासदाने सरकारच्या सर्वोच्च प्रतिनिधीच्या स्वागताला नकार देणे ही छोटी गोष्ट नव्हती. प्रस्ताव अर्थातच मंजूर झाला. विरोधात मत देणारे फुले एकटेच होते.

मंडईचा वाद नेमका काय होता?

तोवर पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या मैदानात, उघड्यावर भरत असे. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात धूळ आणि बारा महिने कचरा. छताखालची, स्वच्छ, शिस्तीची मंडई हवी, या मागणीत काहीच गैर नव्हते. प्रस्तावामागे निव्वळ हौस होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

मात्र प्रस्तावित इमारत साधी नव्हती. मधोमध अष्टकोनी मनोरा, त्याभोवती पसरलेले भाग, दगडी बांधकाम आणि सुमारे तीन लाख रुपये खर्च. स्वागताच्या हजार रुपयांच्या तीनशे पट! फुले यांचे म्हणणे असे, की शहरातील बहुसंख्य मुलांना शाळा मिळालेली नसताना एवढी रक्कम एका इमारतीत घालू नये. तो पैसा आधी शिक्षणाकडे वळवावा. बहुमताने ते मानले नाही.

भाजीविक्याच्या मुलाने भाजीमंडईला विरोध करावा, हे वरवर विचित्र वाटते. त्याचा उलगडा १८८३ मध्ये लिहून झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या पुस्तकात होतो. नगरपालिकांच्या उत्पन्नाचा मोठा आधार होता जकात, आणि ती भरणाऱ्यांत गाडीभर भाजी घेऊन शहरात येणारा शेतकरी होता. जकात, दलाली आणि गाडीभाडे वजा जाता त्याच्या हाती काहीच उरत नाही, कधी तर पदरचे घालून रिकाम्या हाताने घरी परतावे लागते, असे चित्र फुले यांनी या पुस्तकात रंगवले आहे. हे लक्षात घेतले की मंडईचा प्रश्न वेगळा दिसू लागतो. ज्याच्या जकातीतून तिजोरी भरते, त्याला त्या तीन लाखांतून काय मिळणार? त्याच्या मुलाला शाळा तर नाहीच.

याच पुस्तकात कालव्याच्या पाण्याबद्दलही त्यांचा असाच आक्षेप आहे. पाणीपट्टी ठरल्याप्रमाणे वसूल होते, पण वेळेवर आणि मापात पाणी मिळण्याची हमी कोणी देत नाही. त्यावर प्रत्येक शेतकऱ्याला तोटी बसवून मोजून पाणी द्यावे, असा उपायही ते सुचवतात. ठेकेदार आणि शेतकरी या दोन्ही भूमिका या एका सूचनेत एकत्र आलेल्या दिसतात.

विरोधाचा उपयोग झाला का?

मंडईपुरता विचारला तर नाही. इमारत उभी राहिली आणि १८८६ मध्ये सुरू झाली. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिला रे मार्केट म्हटले गेले.

फुले यांनी हाच मुद्दा मोठ्या व्यासपीठावर नेला. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनाखाली त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे कमिशनर, म्हणजे सभासद, अशी लिहिली आहे. महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो, हे त्या निवेदनाचे सूत्र. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणीही त्यात आहे. सभेत एक विरुद्ध सारे असा निकाल लागलेला युक्तिवाद इथे संपूर्ण प्रांताच्या शिक्षणासाठी मांडला गेला.

नगरपालिकेतील त्यांची कारकीर्द त्याच सुमारास संपली. मे १८८८ मध्ये मुंबईतील सभेत त्यांना महात्मा ही पदवी देण्यात आली. त्याच वर्षी पक्षाघाताने उजवी बाजू लुळी पडली, तरी डाव्या हाताने त्यांनी लेखन चालू ठेवले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

मग मंडईला त्यांचे नाव कसे मिळाले?

त्यासाठी अर्धशतक जावे लागले, आणि मध्ये एक कडवट प्रकरण घडले. १९२५ मध्ये केशवराव जेधे यांनी पुणे नगरपालिकेत फुले यांचा पुतळा उभारण्याचा प्रस्ताव मांडला. तो फेटाळला गेला. त्या वादातून दिनकरराव जवळकर यांचे ‘देशाचे दुश्मन’ हे पुस्तक निघाले, त्यावर खटला झाला आणि अपिलात बचावासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. ज्या सभागृहाने हयातीत फुले यांचे मत एकाकी पाडले, त्याने निधनानंतर पस्तीस वर्षांनी त्यांचा पुतळाही नाकारला.

पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत सभासद असताना त्यांच्या पुढाकाराने रे मार्केटचे नाव बदलून महात्मा फुले मंडई करण्यात आले. लॉर्ड रे यांच्याच नावाचे पुण्यातील औद्योगिक संग्रहालयही आता घोले रस्त्यावर महात्मा फुले वस्तुसंग्रहालय म्हणून ओळखले जाते.